तिच्या हातांची साक्ष

४ मार्च
बोललो एकदाचा! पाच मिनिटं दिली होती, आठ घेतली. विधिमंडळाच्या समितीची अकरा माणसं, लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. पस्तीस वर्षं बस चालवली, साठ-साठ माणसं पाठीमागे बसवली — पण अशी समोर बसलेली माणसं बघायची सवय नाही. उजवा पाय सारखा ब्रेक शोधत होता.

कागद औषध कंपनीच्या गोडबोल्याने दिलेला. (हे नाव हिने ठेवलंय, खरं वेगळं आहे.) स्वस्त औषधाचा हा कायदा झाला तर कोणीही उपटसुंभ कारखानदार हे औषध काढील, तपासणी नाही, काही नाही — असं त्यात होतं. ते वाचलं. मग कागद बाजूला ठेवून हिच्या हातांचं सांगितलं. दोन वर्षांमागे पाण्याचा पेला धरता येत नव्हता. आता महिन्याला एक इंजेक्शन, आणि ही आपली वेणी आपण घालते. समितीतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

बाहेर आल्यावर गोडबोल्याने पाठ थोपटली. "काका, मैदान मारलंत!"

५ मार्च
पेपरात फोटो. ही म्हणाली, "फोटोत तरी तोंड मिटायचं होतंत."

७ मार्च
त्या दिवशी एक गोष्ट लिहायची टाळली. साक्ष देऊन निघालो तेव्हा फाटकाशी काही माणसं फलक घेऊन उभी होती, कायदा व्हावा म्हणणारी. त्यातली एक बाई थेट माझ्याकडे आली.

"तुमच्या घरी औषध फुकट येतं ना? माझ्या बहिणीला तोच आजार आहे. एक इंजेक्शन म्हणजे माझा पाच महिन्यांचा पगार."

मी म्हटलं, "पण स्वस्तातलं औषध धोक्याचं असतं."

"आणि काहीच न मिळणं?"

आमच्या रुग्ण मंडळाची गाडी वातानुकूलित. मी चढून बसलो. काचेपलीकडे ती बोलतच होती, ऐकू काही येत नव्हतं.

९ मार्च
रुग्ण मंडळात गेलो. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो. विचारलं, "बाई, विधेयकाची प्रत आहे का?" नाही! "कंपनी सारांश पाठवते हो, तेवढा पुरतो."

मंडळाची खोली, पंखे, छपाई, त्या दिवशीची गाडी — सगळं कंपनीचं. हे काय मला माहीत नव्हतं? पण आज त्या खुर्चीत बसवेना.

१२ मार्च
वाचनालयात प्रत मिळाली. चौदा पानं, भिंग लावून वाचली. कलम नऊ : सरकारी तपासणी झाल्याशिवाय एकही कुपी बाजारात जाणार नाही.

पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं. आणि मी अकरा जणांना सांगून आलोय, तपासणीच नाही म्हणून!

१४ मार्च
गोडबोल्या फळं घेऊन घरी आला. कलम नऊ पुढे ठेवलं. वाटलं, चपापेल. तो थकल्यासारखा बसला.

"काका, कलमं समितीला पाठ आहेत. त्यांना तुम्ही हवे होतात."

"म्हणजे?"

"निवडणुकीला आम्ही दोन्ही बाजूंना देणग्या देतो, भेदभाव नाही." हसला. "समितीच्या अध्यक्षांच्या गावाला रुग्णवाहिकाही दिली. पण देणगी घेऊन मत दिलं, तर लोक बोट दाखवतात. तुमचं ऐकून दिलं, तर कोण काय बोलणार?"

मग हळूच म्हणाला, "माझीही आई अंथरुणाला खिळलीय, काका. मलाही नोकरी हवी आहे." खोटं नव्हतं बोलत. उठताना म्हणाला, "काकूंचं इंजेक्शन एकोणीसला ना? येईल, काळजी नको."

धमकी नव्हती ती. बहुतेक नव्हतीच.

ही आतून सगळं ऐकत होती. "हात माझे, वाक्यं त्यांची, आवाज तुमचा. झकास वाटणी केलीत!"

१५ मार्च
हिने पत्र सांगितलं, मी लिहिलं. 'माझ्या नवऱ्याने सांगितलेलं माझं दुखणं खरं आहे. तपासणीचं सांगितलेलं खरं नाही. मला औषध मिळतं ते कंपनीच्या मर्जीने. उद्या मर्जी फिरली तर मीही फाटकाबाहेरच.'

मी पेन ठेवलं. "आणि इंजेक्शन बंद केलं तर?"

"तर पेला तुम्ही धरा. आधी धरतच होतात की!"

तिला काय जातं बोलायला! तिला उठता येत नव्हतं त्या दिवसांत मी न्हाणीघराचा नळ सोडून रडायचो. ते तिला कुठे ठाऊक आहे.

१६ मार्च
पत्रपेटीपर्यंत गेलो. परत आलो.
"टाकलंत?"
"टाकलं."
एकेचाळीस वर्षांच्या संसारात इतकं धडधडीत खोटं पहिल्यांदाच बोललो.

१९ मार्च
इंजेक्शन आलं. नर्सबाई म्हणाल्या, काकूंची बोटं आज फारच आखडलीत, काही काम केलं का? ही म्हणाली, "वय झालं."

पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात.

२३ मार्च
येत्या गुरुवारी समितीचं मतदान आहे. गोडबोल्याचा फोन — "सहा विरुद्ध पाच होणार, आपल्या बाजूने." आपल्या! फाटकावरच्या त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. दोनदा कोट चढवला, दोनदा काढला.

२७ मार्च
समितीचं पाकीट. हिच्या नावावर. मीच वाचून दाखवलं : 'आपण स्वहस्ते लिहिलेलं, अठरा तारखेचं पत्र मिळालं. मतदान पुढे ढकललं आहे. आपण समक्ष यावं.'

अठरा तारखेचं! स्वहस्ते!

मी कोटाचा खिसा चाचपला, पत्र तिथेच होतं. ही म्हणाली, "तुम्ही टाकणार नाही, ठाऊक होतं मला. तुम्ही फिरायला गेलात की बसत होते. तीन सकाळी लागल्या. अक्षर मात्र अगदीच वाकडं आलं हो."