वाद्य मुरतंय

३ मे, सकाळी
ठरलं. पंधरा ऑगस्टच्या जत्रेत चिनाराखालच्या खुर्चीत बसून त्साम्बूना, आपली कातडी पिशवीची पुंगी, मी वाजवणार. ती बाबांची खुर्ची. बाबांनंतर तिथे वाजवणाऱ्या याकूमिसकाकांचा दम संपलाय, हे ते स्वतःच म्हणाले. बाबांनी जाताना आपली त्साम्बूना मला न देता काकांकडे दिली, कारण मी पोस्टात होतो. सरकारी माणसाला त्रास नको, हा त्यांचा विचार. आता मी रिटायर. एकतीस वर्षं तिकिटं चाटून ओठ तयार आहेत.

७ मे
माझी स्वतःची त्साम्बूना करायला मेव्हण्याने, स्त्रातिसने, ईस्टरच्या बोकडाचं अख्खं कातडं दिलं. मीठ लावून सावलीत वाळत टाकलं. पुढच्या एका पायात फुंकायची नळी, दुसऱ्यात वेळूच्या दोन पुंग्या, बाकीची भोकं बांधून टाकायची. सोपं आहे. मारूसो म्हणाली, अहो, ह्यात चीज काय सुरेख मुरेल! बायकोशी कलेवर वाद घालायचा नाही, हा आजचा संकल्प.
वाद घातला.

२१ मे, संध्याकाळी
काकांकडे पहिला धडा. चाळीस मिनिटं फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे. मग काका शांतपणे म्हणाले, "सिदेरिस, मागचा पाय बांध रे." तांत्रिक अडचण.

२९ मे
पहिला सूर! पुंगीचा वेळू जानेवारीत तोडायचा म्हणे, तोही चंद्र उतरताना. मी परवा तोडला. अंधश्रद्धा. आवाज दार आणि बोकड यांच्या मधला. शेजारच्या शेळ्या धावत कुंपणाशी आल्या. स्त्रातिस म्हणाला, "भावजी, आईला लेकराची हाक बरोब्बर कळते." जळतो.

१२ जून
उकाडा. उन्हात कातडं सैल पडतं. जाणकार वादक अशा दिवसांत वाद्याला विश्रांती देतात. (जाणकार म्हणजे कोण, मारूसोने विचारलं.) नळ्या काढून ड्रॉवरमध्ये, पिशवी तळघरात. एक जुलैपासून रोज तीन तास रियाज. वेळापत्रक भिंतीवर, लाल शाईत.

४ जुलै
वेळापत्रक सुधारलं. पंधरा जुलैपासून सहा तास.

१८ जुलै, दुपारी
पडलो होतो, तर काकांच्या घरून त्साम्बूना ऐकू आली. म्हाताऱ्याचा दम परत आला की काय! वाजवणं झकास. पडल्यापडल्या पाय ठेका धरू लागले. मारूसोला ऐकवावं म्हणून हाक मारली, तर घरात नाही. रोज दुपारी काकांना डबा पोचवायला जाते. नेमक्या वेळी कधी जागेवर नसते.
मनातल्या मनात रियाज केला. मनात उत्तम वाजतं.

२ ऑगस्ट
जत्रा कमिटीचा पानोर्मितिस आला. म्हणाला, "दादा, वाजवणार की लाउडस्पीकर सांगू? लाउडस्पीकरवर आमच्या आईचा पाय उचलत नाही." म्हटलं, निर्धास्त राहा, वाद्य मुरतंय. मारूसोला का कोण जाणे ठसका लागला.

१३ ऑगस्ट
तळघरात गेलो. पिशवी टम्म! दोन महिन्यांत हवा जराही गेली नाही. गाठी माझ्या!
उचलवेना. मग वास आला.
मारूसो म्हणाली, "अहो, जूनपासून चीज भरलंय त्यात. रिकामी पिशवी टांगून ठेवायला हे काय तुमचं पोस्ट आहे?" मी उद्याच बसणार होतो रियाजाला. कारस्थान.

१६ ऑगस्ट
काल काका बाबांची त्साम्बूना काखेत घेऊन चिनाराखाली आले. आपलं वाद्य द्यायला आले, असं समजून मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ती माझ्या खांद्यावरून मागे दिली. मागे मारूसो.
ती खुर्चीत बसली. फुंकली. गावाने फेर धरला, पानोर्मितिसच्या नव्वदीच्या आईसकट.
लहानपणी शेळ्या राखताना वाजवायची म्हणे. मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, "तीस वर्षांत तुम्ही विचारलंत कधी?" आणि काका म्हणाले, "तुझ्या बाबांनी माझ्याकडे नुसती ठेवायला दिली होती. सुनेला सवड झाली की दे, म्हणाले होते."
मी चीज वाटत होतो. जत्रेआधीचा पंधरा दिवसांचा उपास सुटलेला, तासाभरात पिशवी रिकामी. असं मुरलेलं चीज कित्येक वर्षांत खाल्लं नाही, म्हणाले सगळे.
गाठी माझ्या होत्या, हे दोघातिघांना सांगितलं.