आदेशात आईचा समावेश करणेबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
सागरी जीव प्रयोगशाळा.

विषय : मलमबंदीच्या आदेशात मागील तारखेपासून 'व आई' हे शब्द घालणेबाबत.
संदर्भ : १) आपला ३ मार्चचा मनाई आदेश.
२) मनाई उठवत असल्याचे आपले कालचे पत्र.

महोदय,

१. मी प्रवाळ कक्षात सहा वर्षे संशोधन सहायक आहे. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत प्रवाळाचे नखाएवढे तुकडे वाढवणे, त्यांना भरवणे आणि रोज उघड्या हाताने उजेडाकडे फिरवणे हे माझे काम. फेब्रुवारीत चौथ्या टाकीतले एकेचाळीस तुकडे दोन दिवसांत पांढरे पडून मेले. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्या पाठीच्या जखमांना मी मलम लावत असे. तेच हाताला राहून पाण्यात उतरले असावे असा निष्कर्ष निघाला आणि कक्षातील कर्मचाऱ्यांनी कोणत्याही मलमाला हात लावू नये, असा आदेश आपण काढला.

२. तो आदेश घेऊन मी घरी गेले आणि ऑफिसने तुला हात लावायला मनाई केली आहे, असे आईला सांगितले. आदेशात फक्त मलम होते. आई मी जोडली. सुंठीवाचून खोकला गेला असे मला त्या दिवशी वाटले, हे आपल्यापासून लपवत नाही. चार वर्षे तिला कुशीवर वळवून मी विटले होते. प्रवाळ कण्हत नाही आणि आपण आत आल्यावर आशेने बघत नाही.

३. तेव्हापासून मलम शेजारच्या काकू लावतात. त्या नसतील तेव्हा टाकीच्या काचेवरचे शेवाळ काढायच्या, बाद झालेल्या लांब दांड्याच्या ब्रशला कापूस बांधून मी ते पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून लावते. आईची तक्रार नाही. उलट आल्यागेल्याला ती सांगते, "माझ्या लेकीचे हात सरकारी आहेत, जपावे लागतात." मध्यंतरी पाणी पिताना तिने माझे बोट धरले. मी आदेशाची आठवण करून दिली. तिने घाईने हात सोडला आणि माझी माफी मागितली.

४. काल आपले पत्र आले. दोष नव्या पंपातल्या तांब्याच्या कडीचा होता, मी निर्दोष आहे, सबब मनाई उठवण्यात येत आहे, असे त्यात आहे. सहकाऱ्यांनी माझे अभिनंदन केले. पण रविवारी माझी थोरली बहीण येत आहे. ती दुकानाच्या पावतीवरची बारीक अक्षरेही सोडत नाही. आईला आता चष्म्यानेही वाचता येत नाही. तिने आदेशाची प्रत उशीखाली जपून ठेवली आहे आणि ती थोरलीकडून मोठ्याने वाचून घेणार आहे. धाकटीला ऑफिसात किती मान आहे ते तिला ऐकायचे आहे.

५. तरी शनिवारपर्यंत दुरुस्त प्रत शिक्क्यासह मिळावी. उशीखालची प्रत आई झोपल्यावर मी बदलून ठेवीन. हे नियमात बसत नसल्यास निदान मनाई उठवू नये. ते एकेचाळीस तुकडे मीच मारले, असे लिहून द्यायला मी तयार आहे.

आपल्या आदेशाखाली राहू इच्छिणारी,
(सही)
संशोधन सहायक, प्रवाळ कक्ष
१९ जून, गुरुवार

सोबत : मूळ आदेशाची प्रत. दोन शब्दांची जागा पेन्सिलीने दाखवली आहे.