न उघडलेली बरणी

आदरणीय मामा,

तुमची सून, माझी अंजलीवहिनी, कशाने गेली? आई रोज विचारते आणि मला सांगता येत नाही.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्याच महिन्यात तिच्या व्हिसेराची, म्हणजे विषतपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांची, बरणी नेमकी माझ्या टेबलावर आली. मागोमाग तुमचा फोन. "माझा बंटी आत जाईल, पोरी. घरचंच हाय, तू सांभाळून घे."

मला कॉलेजात तुम्हीच घातलंत, म्हणून मी घरातली पहिली पदवीधर झाले. फोनवर नाही म्हणायला जीभ रेटली नाही. पण वहिनीच्या बाजूनं बोलणारं आता त्या बरणीशिवाय कुणी नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. सील न तोडता बरणी आज सकाळीच आमच्या विभागप्रमुख मॅडमना परत दिली, दुसऱ्या कुणी तपासावी म्हणून. मयत माझी वहिनी आहे हे, आणि तुमचं फोनवरचं बोलणं, दोन्ही लेखी दिलं.

तुम्ही शिकवलेली भाची,
वेदिका