गाऱ्हाण्याच्या वेळी मी गप्प का राहिलो

रत्नागिरी,
१४ डिसेंबर २००८

ती. सौ. कमळाताईस,

श्यामचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे, भाऊजींची कोरडी ढास थांबली का, हे सगळं फोनवरच विचारणार होतो. पण गेल्या रविवारपासून माझा आवाज ऐकला की तू "राँग नंबर" म्हणून फोन ठेवतेस. (पहिल्यांदा मी खरोखरच माफी मागून ठेवला. दुसऱ्यांदा तू "राँग नंबर, श्याम" म्हणालीस, तेव्हा उजेड पडला.) पत्र न वाचता परत करायचं तर पोस्टमनला कारण सांगावं लागेल, आणि लांज्याचा पोस्टमन चौकस आहे, म्हणून हा मार्ग धरला. आमचं ठीक आहे. तुझी भावजय मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलते. तीही तुझ्याच बाजूची आहे.

तर मुद्दा मनूच्या कार्यक्रमाचा. डझनभर नामवंतांना एका घरात कोंडायचं, भिंतीभिंतीत कॅमेरे लावायचे आणि दर आठवड्याला लोकांच्या मतांनी एकेकाला बाहेर काढायचं, एवढंच मला त्यातलं ठाऊक आहे. आपली मनू, म्हणजे तुझी मुलगी आणि माझी सख्खी भाची, त्या डझनात आहे, आणि तरी मी तो पाहत नाही. याची कारणं लोकांनी परस्पर ठरवून टाकली. कचेरीत म्हणतात, यांना भाचीची लाज वाटते. शेजारच्या मथुराकाकू म्हणतात, केबल कापली असेल. खरं कारण पुढे लिहितो. आधी हे सांगतो की न पाहणं हे पाहण्याहून कितीतरी कष्टाचं काम आहे. रात्री नऊ वाजले की आमच्या आळीतल्या प्रत्येक खिडकीतून तोच आवाज येतो. मी कानात कापूस घातला, तर मथुराकाकूंनी कान दुखतो समजून लसणीचं गरम तेल पाठवलं. मांडवीच्या जेटीवर फिरायला गेलो, तर भेळवाल्याने चुरमुरे मोजता मोजता विचारलं, "काय ओ, तुमची भाची आज रडली ना?" भारनियमनाने वीज गेली की सगळी आळी शिव्या घालते आणि अंधारात मी एकटा सुखावतो. (सबंध गावाच्या गैरसोयीवर आपण सुखी व्हावं का, हा प्रश्न रोजनिशीत लिहून ठेवला आहे. उत्तर सापडलेलं नाही.) परवा सगुणा कोळणीने बांगडे नेमके मनूचा फोटो आलेल्या पेपरात गुंडाळले. मी घाईने कागद उलटा करायला सांगितला, तर ती शेजारणीला म्हणाली, "बघ, भाचीच्या तोंडाला मासा लागू नये म्हणून! केवढी ती माया!" मी खुलासा केला नाही. न कमावलेलं ते कौतुक पिशवीत घालून घरी आणलं. अजून टोचतं.

आता गेल्या रविवारचं. मनू त्या घरातून बाहेर पडू नये म्हणून तू गावी, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचं ठरवलंस आणि माहेरचा वडील पुरुष म्हणून नारळ माझ्या हातात दिलास. मी आनंदाने उभा राहिलो. मला वाटलं, लवू गुरव नेहमीसारखं पोरीला यश दे, इडापिडा टाळ, एवढंच म्हणेल. पण तू त्याच्या मागे उभी राहून आठवड्याभराची सगळी हकिगत त्याच्या कानात सोडत होतीस, आणि तो खड्या आवाजात ती देवाला ऐकवत होता. "बा देवा म्हाराजा, त्या लाल केसांच्या बायनं आमच्या पोरीच्या खाटेवर पानी वतलान, तिचा काय तो बंदोबस्त कर रे म्हाराजा!" आणि पन्नास माणसं एका तोंडाने, "व्हय म्हाराजा!" दोन्ही हातांत नारळ, ताई. कान झाकू कशाने? पाच आठवडे जपलेलं सगळं देवाच्या दारात पाच मिनिटांत ऐकून झालं. वर अडचण अशी, की जे मी पाहिलं नाही त्याला देवासमोर "व्हय" कसं म्हणायचं? ती खोटी साक्ष झाली असती. (शिवाय त्या बाईचीही बाजू असेल.) म्हणून मी ओठ मिटून राहिलो. तू वळून पाहिलंस ते नेमके माझे ओठ. भाचीसाठी एक "व्हय" तोंडातून निघत नाही, असं सगळ्यांदेखत म्हणालीस आणि माझ्या हातातला नारळ काढून भाऊजींकडे दिलास. तुझ्या जागी मी असतो तर मीही दिला असता.

तर ते कारण. आत जायच्या आदल्या दिवशी मनूचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, तिथे मी रडेन, भांडेन, काय वाट्टेल ते बोलेन, आणि सगळे बघतील. परत आल्यावर जो तो माझ्याकडे त्याच नजरेने बघणार. ज्याने यातलं काहीच बघितलं नाही असा एक माणूस मला हवाय. तू होशील?" मी म्हटलं, आईला का नाही विचारत? तर म्हणाली, "आई आणि बघणार नाही? ती मधल्या जाहिरातीसुद्धा बघेल. आणि तिला आत्ता हे सांगू नकोस, तिला लागेल." मी शब्द दिला. त्या "आत्ता"ला आता सहा आठवडे झाले, तेव्हा मुदत संपली असं धरून लिहितोय. हे बरोबर की पळवाट, मला सांगता येत नाही. पण माझ्या गप्प बसण्याने तुला जे लागलं, ते याहून जास्त होतं.

सोमवारी मी रजा टाकून पुन्हा गावी गेलो होतो, हे तुला माहीत नसेल. लवू म्हणाला, एकट्यासाठी गाऱ्हाणं घालायचं? मी म्हटलं, एकच ओळ घाल: पोर सुखरूप घरी येऊ दे. त्याने घातली. "व्हय म्हाराजा" म्हणायला मी एकटाच होतो, म्हणून जरा मोठ्याने म्हटलं. बाहेर गुरं चारणारा माणूस आत डोकावून गेला.

भाऊजींना नमस्कार. फोन उचलत जा.

तुझा,
श्याम

ता. क. १ : मनू येईल तेव्हा लांज्याच्या नाक्यावर बॅनर आणि बँड नको. पहिला दिवस त्या घराबद्दल एक अक्षर विचारू नकोस. पेज दे आणि झोपू दे. पत्र लिहायला बसलो ते खरं एवढ्यासाठीच.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार इतक्यात मनूचाच फोन! ती बाहेर पडली (हे तुला माझ्या आधी ठाऊक असणार). आवाज चांगला ठणठणीत होता. "खरंच काही बघितलं नाहीस?" मी अभिमानाने म्हटलं, काहीही नाही. "पिठल्याचं पण नाही?" कसलं पिठलं? यावर ती किंचाळली. "मामा! अरे, त्या सगळ्यांना मी पिठलं-भाकरी करून वाढली! भांडणं थांबली सगळ्यांची! तेवढं तरी बघायचं होतंस!" म्हणजे सहा आठवड्यांचा कापूस फुकट.

ता. क. ३ : ती गुरुवारच्या गाडीने आधी इकडे उतरते आहे. तुम्ही दोघांनी यायचंच. भाऊजी रोजचा भाग टेप करतात ना (तुमच्याच लग्नाच्या कॅसेटवर, असं ऐकतो), ती कॅसेट आण. रिमोट मनूच्या हातात राहणार. मी पाहायचं काय आणि डोळे मिटायचे कधी, ते तीच सांगणार आहे. मी विचारलं, आई बसली तर चालेल? म्हणाली, "आई नसेल तर मधे मधे बोलणार कोण?" तेव्हा ये, हवं तितकं बोल. फक्त ती "मीट" म्हणाली की तूही डोळे मीट, तुझं सगळं पाहून झालेलं असलं तरी.