शेगडीजवळच्या फळ्या

कास्तमोनू, ४ ऑक्टोबर १९६४

ती. मुनव्वर अब्लास, तुझ्या धाकट्या भावाचा, रिफ्कीचा, सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? इथे बरं नाही. नवऱ्याच्या माराला कंटाळून पोरगी नेझिहे माहेरी, माझ्याकडे परत आली, हे तुला ठाऊक आहेच. काल साब्री तिला न्यायला आला. बूट न काढताच आत शिरला. ती येत नाही म्हणाली. त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला फरफटत ओढलं. मी मध्ये पडलो तर मला भिंतीवर भिरकावलं. तिचं डोकं लोखंडी शेगडीच्या कडेवर आपटलं. अब्ला, भुवईपासून कानापर्यंत फाटलं गं! कुर्बानीच्या मेंढ्याचंही एवढं रक्त मी पाहिलं नव्हतं. शेजारी धावले तसा तो पळाला. जाताना ओरडला, ही जिन्यावरून पडली, लक्षात ठेवा.

शुक्रवारी त्याचे चुलते हाजी तहसीन निवाडा करायला येणार आहेत. तिला परत धाडायचं की नाही, ते ठरवतील. आणि आमची जमीन अशी रक्ताळलेली! या फळ्यांवर पाहुण्यांना बसवू कसं? लोक काय म्हणतील? उकळतं पाणी आणि अरबी साबण घेऊन बसलोय. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझा रिफ्की


बुर्सा, ६ ऑक्टोबर

चि. रिफ्कीस, अब्लाचे आशीर्वाद.

अरे वेड्या, हे वाचताच ब्रश खाली ठेव! तोच डाग पोरीचा साक्षीदार आहे. घराला आग लागली तरी तू आधी उंबरा पुसशील. अम्मीने तुला असंच वाढवलं, तुला काय बोलणार! आणि रक्तावर उकळतं पाणी कोण ओततं रे? थंड घ्यायचं असतं, एवढंही कळत नाही? आता काहीच घेऊ नकोस. हाजींना ती जमीन आहे तशी दिसू दे. नेझिहेला हाडांचा रस्सा पाज. माझा जीव तिच्यापाशी आहे.

मुनव्वर


कास्तमोनू, १० ऑक्टोबर

ती. अब्लास, सा. न.

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहितोय. घाबरू नकोस.

तुझं पत्र आलं तोवर फळ्या घासून पांढऱ्याफटक झाल्या होत्या. नेझिहे त्या बघत राहिली. म्हणाली, बाबा, म्हणजे आता मी जिन्यावरूनच पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर डोळा लागला नाही. तरी शुक्रवारी सकाळी हात थांबेनात, घासलेलं लाकूड कोरडं ठेवायचं नसतं ना. जवसाचं तेल चोळलं, फडक्याने चमकवलं.

पाहुणे बूट काढून मोज्यांनीच येऊन बसले. साब्रीही या खेपेला बूट दारात काढून आला, मान खाली, अगदी शहाण्यासारखा. भाकरीवर हात ठेवून शपथ घेऊ लागला की ती जिन्यावरून पडली. तोवर तेल मुरलं होतं. शेगडीजवळ डाग वर आला, अब्ला! काळा, लांब ओढलेला, टोकाला पंजा, बोटं न् बोटं उमटलेली. माझ्या उकळत्या पाण्याने तो लाकडात शिजला होता आणि तेलाने उघडा पाडला. नेझिहे उठली, खाली बसली आणि आपला हात त्यावर ठेवला. बोटावर बोट बसलं.

हाजींनी साब्रीला विचारलं, हरामखोरा, या खोलीत जिना कुठे आहे?

त्याने शेगडीचा चिमटा उचलला आणि तिच्या डोक्यावर उगारला. मी हात आडवा घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. हाजींनी काठीचा असा तडाखा दिला की त्याचे दात जमिनीवर सांडले. तो नुसत्या मोज्यांनी गल्लीत पळाला. हाजी म्हणाले, पोरगी इथेच राहील, कोर्टात मी स्वतः सांगेन. निघताना त्यांनी माझ्या चांगल्या हाताचं आदराने चुंबन घेतलं. एवढे मोठे हाजी! मी लाजून अर्धा झालो.

दात वेचून टाकले. नवे थेंब थंड पाण्याने पुसले, तू म्हणालीस तसे. तो पंजा मात्र ती पुसू देत नाही.

एकच काळजी आहे. त्याचे बूट दारातच राहिलेत. बाहेर रिपरिप लागलीय, चामडं चांगलं आहे, भिजून वाया जाईल. आत घेऊ का म्हणून विचारलं, तर नेझिहे म्हणाली, नको बाबा, जमीन आत्ताच पुसलीय.

तुझ्या मायेचा भुकेला,
रिफ्की