डुकरं अर्ज देत नाहीत

१७ सप्टेंबर १९७८, भिलाई

पुन्हा तेच! थांबा म्हणे! फेब्रुवारीत बापानं साकोलीले जाऊन अर्ज टाकला — धानाच्या राखणीसाठी एक भरमार बंदूक, म्हणजे ठासणीची. एका नळीची. तोफ नाही मागितली! सात महिने झाले. पोलीस चौकशी, मग तहसील, मग भंडारा, मग साहेबाची सही. डुकरं काय अर्ज देऊन धानात येतात?

आज यादोरावचं पत्र आलं. आमच्या एकोडीचा पोलीस पाटील. बापाले लिहिता येत नाही, त्याच्यासाठी तोच लिहिते. 'ईश्वर, तुझा बाप रोज माझ्या ओट्यावर येऊन बसते. म्या सांगतलं, सुखराम, कागद वर गेला, धीर धर.' धीर! डुकरांनी धानाच्या दोन बांध्या लोळून लोळून सपाट केल्या. धीर शिजवून खायचा का?

२० सप्टेंबर

भैयाजीसंग वाजलं. भैयाजी म्हणजे आमच्या गोदामावरचा पहारेकरी, मिलिटरीतून आलेला म्हातारा, तुमसरकडचा. त्याच्या खांद्यावर बंदूक असते म्हणून विचारलं, तुमाले किती महिने थांबवलं?

'मले? चार महिने नुसती पुसाले लावली. मंग गोळी देली.' वर म्हणते, 'थांबवतात ते बरंच हाय पोरा. रागानं घेतलेली बंदूक पहिल्याच हप्त्यात चालते.'

मी म्हटलं, आमचा राग डुकरावर आहे!

'सारे असंच सांगतात,' म्हणे आणि दात काढले. चारच आहेत.

म्हातारा चूक आहे. गरिबाले थांबवता येते म्हणून थांबवतात. मालगुजाराच्या बैठकीत तीन-तीन बंदुका टांगल्या आहेत, त्याले कोणी थांबवलं? चवथी शिकलो मी, पण एवढं समजते.

२४ सप्टेंबर

डबल पाळी केली. पाठ गेली. बंदुकीसाठी पैसे साठवतो त्या डब्यात वीस रुपये टाकले.

१ ऑक्टोबर

कळलं! अर्ज काहून अडला ते कळलं! यादोराव लिहिते, चौकशीत गावातून एक जबाब विरोधात गेला — सुखरामले आत्ता बंदूक देऊ नका म्हणून. नाव सांगत नाही.

नाव कायले पाहिजे? कवडू! दुसरं कोण?

त्याची बांधी आमच्या बांधीले लागून. पहिले दोघांचा एकच माळा होता राखणीले. एक रात्र बाप बसे, एक रात्र कवडू. मागच्या साली तलावाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडले, बोलणं बंद, माळे दोन झाले. आता कवडू टिनाचा डबा वाजवते, डुकरं आमच्यात. बाप वाजवते, डुकरं त्याच्यात. सारी रात्र हाच खेळ! डुकरांनी खाल्लं त्याच्यापेक्षा इकडून तिकडं पळण्यात जास्त तुडवलं. पण पहिला डबा कवडूनं वाजवला. हे मी कोणापुढंही सांगीन.

त्याले पत्र टाकलं, यादोरावच्या हातून द्यायले. येत होत्या तेवढ्या शिव्या लिहिल्या. दोन नवीन बनवल्या.

८ ऑक्टोबर

ठरवलं. राजनांदगावच्या बाजूले एक लोहार आहे, भरमार बनवते. परवान्याचं विचारलं तर हसला. 'लायसेन्स सुअर को दिखाएगा क्या?' याले म्हणतात माणूस! दोनशे साठ सांगतले. दिवाळीत गावाले जाईन तेव्हा बापाच्या हाती देतो. पोळ्याले गेलो होतो तेव्हा बाप दोन्ही बांध्यांच्या मधल्या धुऱ्यावर उभा राहून ओरडे, 'येऊ दे बंदूक! मंग पाहतो कोण हाकलते ते!' पलीकडं कवडू उभाच होता. मले लय मजा आली. आईनं मात्र मलेच शिदोरी घेऊन घराकडं लावलं.

१५ ऑक्टोबर

भैयाजीले सांगून बसलो. सांगायचं नव्हतं.

चिडला नाही. म्हणे, 'मले येक सांग. तुझा बाप माळ्यावर बसला. समोर धान हाललं. डुक्कर हाय का कवडू हाय, कसं समजन?'

'समजते!' मी म्हटलं.

'मले नाई समजलं बाबू. येकडाव.'

मग चहाचे पैसे त्यानंच दिले.

तरी मी आणणार. त्याचं त्याच्यापाशी. माझा बाप काही आंधळा नाही!

२२ ऑक्टोबर

पैसे पुरे झाले. लोहाराले हो सांगतलं, शुक्रवारी न्यायची. गोधडीत गुंडाळीन. पकडलं तं पकडलं! साहेबानं विचारलं तं सांगीन — आठ महिने कागदानं धान राखून पाहिलं, एक डुक्कर भ्यालं नाही.

२६ ऑक्टोबर

यादोरावचं पत्र. तीनदा वाचलं. जसं लिहिलं तसं उतरवतो.

'तुझं पत्र कवडूले देलं नाई. फाडलं. जबाब त्याचा नाई, तुझ्या आईचा हाय. आखाडात चंद्रभागाबाई साकोलीले पायी गेली, कोणाले न सांगता. निंदणाची मजुरी बुडवून. ठाण्यात सांगतलं — माझा धनी नाव डुकराचं घेते, पण डोळे कवडूच्या माळ्याकडं असतात. धान कापून घरी येऊ द्या साहेब. माळे उतरले का मंग द्या बंदूक, माझी ना नाई. अंगठा तिचाच हाय, म्या पायला. सांगणार नव्हतो. पण तुझं पत्र वाचलं अन् तुझीही भीती वाटली.'

माझी भीती! माझी?

कायदा चूकच आहे. आठ महिने म्हणजे चूकच. उद्या कोणी विचारलं तरी हेच सांगीन.

पण आई पायी गेली. साकोलीले.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

लोहाराकडं गेलो नाही. डाकघरात मनीऑर्डर करायले गेलो. बाबूनं विचारलं, सुखरामच्या नावानं ना, नेहमीसारखं? म्हटलं नाही, चंद्रभागाबाई लिहा, तिच्याच हाती द्यायची. रुपये दोनशे साठ.