नववीचा नवा धडा

दादा,

शाळेच्या समितीत तू हट्टाने मंजूर करून घेतलेला धडा आज नववीला शिकवला. उत्क्रांती गेली; आता देवाने प्रत्येक जीव विचारपूर्वक, आहे तसाच घडवला. नोकरी टिकवायची म्हणून मुकाट्याने वाचून दाखवलं.

तास संपल्यावर तुझी लेक टेबलापाशी घुटमळली. दर महिन्यासारखं कालच रक्त चढवल्याची पट्टी हातावर होती. वर्गात मला बाई म्हणते, आज म्हणाली, "आत्या, मग माझं रक्त असं मुद्दाम बनवलं का?"

तिचा हा रक्ताचा आजार आईबापांकडून कसा येतो, तो धडाही तुम्ही गाळलात. मी पुस्तक मिटलं. "पुस्तकात तसंच आहे," म्हणाले.

दारातून ती मागे वळली. "बाबांना सांगू नकोस हं. त्यांना वाईट वाटेल."

म्हणून हे पत्र माझ्यापाशीच ठेवते.

तुझी धाकटी